टीमच्या मनातलं मॅनेजरपर्यंत कसं पोहोचतं?

“काही अडचण नाही ना?” मॅनेजर विचारतो. “नाही, सगळं ठीक आहे,” समोरून उत्तर येतं आणि दोघंही आपापल्या कामाला लागतात. हा संवाद इतक्यांदा होतो की त्यात कुणालाच काही खटकत नाही. पण तो प्रश्न पुन्हा एकदा ऐकून बघा. ‘नाही ना?’ म्हणताना उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं. समोरच्याने फक्त मान डोलवायची असते, आणि तो ती डोलावतो.

कर्मचाऱ्यांकडून फीडबॅक घ्यायचा म्हटलं की पहिली चर्चा साधनांची होते. कुठलं ॲप घ्यायचं, फॉर्म किती लांब ठेवायचा, वर्षातून किती वेळा पाठवायचा. साधनांकडे येऊच. पण माणसं गप्प का बसतात हे आधी कळलं नाही, तर कुठलंही साधन वापरलं तरी हाती तेच ‘ठीक आहे’ लागतं.

गप्प बसण्याची दोन कारणं

नकोशी बातमी सांगायला माणूस मुळातच कचरतो. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये या प्रवृत्तीला ‘मम इफेक्ट’ असं नाव दिलं. त्यांच्या प्रयोगांत लोक अनोळखी माणसाला चांगली बातमी मोकळेपणाने सांगत, वाईट बातमी मात्र अर्धवट सांगत किंवा टाळत. त्या वाईट बातमीत सांगणाऱ्याची काहीही चूक नव्हती, ऐकणारा त्याचा वरिष्ठही नव्हता. तरीही जीभ अडखळत होती.

ऑफिसात यावर आणखी दोन थर चढतात. पहिला भीतीचा. ज्याच्या हातात माझं अप्रेझल आहे, रजा मंजूर करणं आहे, चांगला प्रोजेक्ट देणं आहे, त्यालाच ‘तुमचं इथे चुकतंय’ असं कसं सांगायचं? दुसरा थर ‘सांगून काय उपयोग?’ या भावनेचा. मागच्या वर्षी सांगितलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही सांगितलं होतं. काहीच हललं नाही. आता कशाला तोंड उघडायचं?

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हींत माणूस गप्पच असतो. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. भीतीवर नाव गुप्त ठेवण्याचा उपाय चालतो. ‘काय उपयोग’ म्हणणाऱ्याला तुम्ही नाव न विचारता दहा फॉर्म पाठवलेत तरी तो ते भरणार नाही, आणि भरलाच तर उरकून टाकेल. त्याला फक्त एकच गोष्ट बोलतं करू शकते: आधी सांगितलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं हे डोळ्यांनी दिसणं. बहुतेक मॅनेजर इथेच गफलत करतात. टीम शांत दिसली की ते निनावी सर्व्हे काढतात. म्हणजे भीतीचं औषध ते निराशेवर देत असतात.

समोरासमोर बोलणं

सगळ्यात कामाचं साधन सगळ्यात साधं आहे: ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, दोघांनीच बसून बोलणं. यालाच वन-ऑन-वन म्हणतात. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी ही पद्धत नेटाने वापरली आणि इतरांनाही शिकवली. त्यांचा त्यातला आग्रह फार महत्त्वाचा होता: ही मीटिंग कर्मचाऱ्याची आहे, विषय त्याने ठरवायचे, मॅनेजरने ऐकायचं. आपल्याकडे होतं उलटंच. मॅनेजर यादी घेऊन बसतो, ‘हे कुठवर आलं, ते कधी होणार’ विचारत जातो आणि अर्धा तास संपतो. कामाचा आढावा हवा तर तो वेगळा घ्या. ही अर्ध्या तासाची जागा त्यासाठी खर्च करू नका.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘काही सूचना?’ हा प्रश्न इतका मोठा आहे की समोरच्याला सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. तो छोटा करा, नुकत्याच झालेल्या गोष्टीशी बांधा. ‘गेल्या आठवड्यात कुठल्या कामात विनाकारण वेळ गेला?’ ‘कुणाच्या उत्तरासाठी तुम्ही थांबून राहिलात?’ ‘मी करत असलेली एक गोष्ट बंद करायची झाली, तर तुमच्या दृष्टीने ती कोणती?’ यातला शेवटचा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो. त्यात ‘काही आहे का’ असं विचारलेलं नाही. काहीतरी असणारच हे गृहीत धरलंय. त्यामुळे तक्रार केल्यासारखं न वाटता माणूस सरळ उत्तर देतो.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. शांतता लांबली की आपण घाबरून स्वतःच बोलायला लागतो आणि त्याच क्षणी समोरच्याची सुटका होते. पहिलं उत्तर बहुतेकदा सभ्यतेचं असतं, खरं ते त्याच्यानंतर येतं. पुष्कळदा तर मीटिंग संपते, माणूस उठतो, दाराशी जातो आणि मग म्हणतो, “तसं काही विशेष नाही, पण एक सांगू का...” त्या वाक्यासाठी पाच मिनिटं हाताशी ठेवा. लगेच दुसरी मीटिंग लावून ठेवली असेल तर ते वाक्य कायमचं निसटतं.

मोकळं बोलू देण्याची ताकद शंभर वर्षांपूर्वी एका कारखान्यात मोठ्या प्रमाणावर दिसली होती. शिकागोजवळच्या सिसेरो गावी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला मुलाखत घेणाऱ्यांकडे ठरलेले प्रश्न होते. पण कामगार विषय सोडून भलतीकडेच जात. शेवटी कंपनीने पद्धत बदलली आणि ठरवलं की कामगाराला हवं ते बोलू द्यायचं, मध्ये अडवायचं नाही. मुलाखतीचा वेळ अर्ध्या तासावरून साधारण दीड तासावर गेला. त्यातून लक्षात आलं की तोंडावर आलेली तक्रार आणि खरं दुखणं ही नेहमीच एक गोष्ट नसते. पगारावर चिडलेला माणूस खोलवर विचारलं तर सांगतो की त्याच्या कामाची कुणी दखलच घेत नाही. ‘विषय सोडून’ वाटणारं बोलणं हाच पुष्कळदा विषय असतो.

आता ऐकण्याविषयी. समोरच्याने धीर करून काही सांगितलं की पहिल्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा काय करतो, यावर पुढचं वर्षभर तो बोलेल की नाही हे ठरतं. ‘हो, पण...’ हे दोन शब्द टाळा. तुमच्याकडे खरंच स्पष्टीकरण असेल, त्याने अर्धीच बाजू पाहिली असेल. तरीही त्या क्षणी स्पष्टीकरण देऊ नका. आधी जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगा: “म्हणजे मी संध्याकाळी उशिरा मेसेज टाकतो, तेव्हा ‘उद्या बघ’ म्हटलं तरी तुम्हाला लगेच बसावं लागेल असं वाटतं, बरोबर?” मग एखादं उदाहरण मागा. “मी काय करतो ते बघून पुढच्या मंगळवारी तुम्हाला सांगतो,” असं म्हणा. आणि मंगळवारी सांगा.

एक सावधगिरी. ‘हे फक्त माझ्यापाशी राहील’ असं वचन ऐकण्याआधीच देऊन बसू नका. लैंगिक छळ, सुरक्षेचा धोका, पैशांचा गैरव्यवहार असं काही समोर आलं तर ते पुढे न्यावंच लागतं. त्यासाठीच्या अधिकृत समित्या आणि कार्यपद्धती वेगळ्या असतात. फीडबॅकच्या गप्पांत ते प्रकरण मिटवून टाकणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

सर्व्हे: आकड्यांची भाषा

टीम मोठी असली की प्रत्येकाशी बसणं जमत नाही, तिथे सर्व्हे येतो. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच पर्यायांची जी पट्टी आपण सगळीकडे पाहतो, ती रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. पट्टी सोपी आहे. फसतात ते प्रश्न.

हा प्रश्न बघा: ‘तुमच्या मॅनेजरकडून वेळेवर आणि उपयोगी मार्गदर्शन मिळतं का?’ मार्गदर्शन उपयोगी असतं, पण आठवडाभर उशिरा मिळतं. मग खूण कुठे करायची? एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. तरी जवळपास प्रत्येक फॉर्ममध्ये एखादा तरी ‘आणि’ सापडतोच. फॉर्म पाठवण्याआधी नुसते ‘आणि’ शोधून काढलेत तरी तो बराच सुधारेल.

दुसरी फसवणूक सरासरीची. दहा जणांच्या टीमची सरासरी ५ पैकी ३ आली. याचा अर्थ दहाही जण जेमतेम खूश आहेत असा होऊ शकतो, किंवा पाच जणांनी ५ दिलेत आणि पाच जणांनी १, असाही होऊ शकतो. पहिल्या टीमला थोडा हुरूप देणं पुरेल, दुसऱ्या टीममध्ये मात्र उभी फूट आहे. म्हणून कुणाकुणाचं किती याची विभागणी बघितल्याशिवाय सरासरीवर बोलू नये.

हल्ली ‘ही कंपनी काम करायला चांगली आहे असं तुम्ही मित्राला सांगाल का?’ हा ० ते १० गुणांचा एकच प्रश्न बराच चालतो. मूळ कल्पना ग्राहकांसाठी होती, फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेली. ती पुढे कर्मचाऱ्यांसाठी वापरली जाऊ लागली. ९ किंवा १० देणाऱ्यांची टक्केवारी घ्यायची, त्यातून ० ते ६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची, ७ आणि ८ वाल्यांना मोजायचं नाही. वीस जणांत आठ जण वरच्या गटात आणि पाच जण खालच्या गटात असतील, तर ४० वजा २५, म्हणजे १५. हजार माणसांच्या कंपनीत हा आकडा काहीतरी दिशा दाखवतो. आठ जणांच्या टीममध्ये एकाने ७ ऐवजी ६ दिले की तो थेट १२.५ ने घसरतो. एका माणसाची एखादी वाईट सकाळ म्हणजे टीमची घसरण नव्हे. छोट्या टीममध्ये या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि आकडा कितीही चांगला असला तरी ‘का?’ हे त्यातून कळत नाही. त्यासाठी फॉर्मच्या शेवटी एक मोकळी जागा लागतेच.

निनावी म्हणजे खरंच निनावी का?

हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे माझ्या हातून चूक झाली आहे.

माझ्या टीममध्ये सात जण होते. एचआरने निनावी सर्व्हे घेतला आणि रिपोर्ट माझ्याकडे आला. त्यात मोकळ्या जागेत लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी होती, वर ‘अनुभव: २ वर्षांपेक्षा कमी’ अशी वर्गवारीही होती. दोन वर्षांच्या आतले आमच्यात दोघंच. एका वाक्यात ‘मीटिंगमध्ये काही जणांचंच बोलणं पूर्ण होऊ दिलं जातं’ असं होतं. ‘पूर्ण होऊ दिलं जातं’ ही त्या दोघांतल्या एकीची बोलण्याची लकब होती. मी ओळखलं. पुढच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा मी स्वतः वाचून दाखवला, आणि वाचताना नकळत माझी नजर तिच्याकडे गेली. क्षणभरच. पण तिला ते कळलं, बाकीच्यांनाही कळलं. मी एक शब्दही वावगा बोलले नव्हते. पुढच्या सर्व्हेत मात्र मोकळ्या जागा सात जणांच्याही रिकाम्या होत्या.

मुद्दा असा की ‘निनावी’ आणि ‘गोपनीय’ हे दोन वेगळे शब्द आहेत. निनावी म्हणजे कुणी लिहिलं हे कुणालाच माहीत नाही. गोपनीय म्हणजे कुणाला तरी माहीत आहे, पण तो सांगणार नाही. प्रत्येकाला स्वतंत्र लिंक पाठवली असेल तर तो सर्व्हे गोपनीय झाला, निनावी राहिला नाही. त्याला निनावी म्हणणं ही सरळ फसवणूक आहे. जे आहे ते फॉर्मच्या पहिल्या ओळीत लिहा: उत्तरं कोण वाचणार, नावं कुणाला दिसणार, वाक्यं जशीच्या तशी पुढे जाणार की सारांश करून. पाचपेक्षा कमी जणांच्या गटाचा आकडा वेगळा दाखवायचा नाही, हा नियम पुष्कळ ठिकाणी पाळला जातो, तो पाळावाच. टीम पाच-सात जणांचीच असेल तर मला वाटतं निनावी सर्व्हेच्या फंदात पडूच नये. त्यापेक्षा दुसऱ्या विभागातला, टीमचा विश्वास असलेला कुणीतरी मध्ये ठेवावा. तो सगळ्यांशी बोलेल आणि मुद्दे एकत्र करून तुम्हाला सांगेल.

असा मध्यस्थ किती काम करू शकतो याचं उत्तम उदाहरण विमान वाहतुकीत आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळाकडे येणारं टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान डोंगरावर आदळलं आणि ९२ माणसं गेली. हवाई वाहतूक नियंत्रकाने दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी वेगळा लावला आणि ते ठरल्यापेक्षा लवकर खाली आले. चौकशीत कळलं की साधारण सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, तसाच अर्थ लावून, थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं होतं. इतरांपर्यंत ती गोष्ट पोहोचण्याची वाटच नव्हती.

यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत वैमानिक आणि नियंत्रकांनी स्वतःच्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग कळवण्याची व्यवस्था सुरू झाली. पैसा विमान वाहतूक नियामकाचा, पण काम नासाकडे. कारण नियामकाच्या हातात परवाना रद्द करण्याची ताकद होती, नासाच्या हातात तशी काही नव्हती. फॉर्मवर नाव-पत्त्याची एक पट्टी असे. ती फाडून, शिक्का मारून, पाठवणाऱ्याला परत धाडत, म्हणजे कागदपत्रांत नाव उरतच नसे. एवढ्यावर ते थांबले नाहीत. आलेल्या अहवालांतून निवडक प्रसंग, ओळख पुसून, एका मासिक पत्रकात छापून परत सगळ्या वैमानिकांपर्यंत पोहोचवले जाऊ लागले. नाव फाडलं जातं म्हणून भीती गेली, आणि आपण लिहिलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडलं हे छापून आलं म्हणून ‘काय उपयोग’ हा प्रश्नही गेला. दोन्ही कारणांवर एकाच व्यवस्थेत उपाय.

बाकीचे मार्ग

जिथे काम चालतं तिथे जाऊन बघणं हा मार्ग मला सर्व्हेपेक्षा जास्त खात्रीचा वाटतो. टोयोटात तर कामगाराला अडचण दिसताक्षणी दोरी ओढून मदत मागता येते, वेळ पडली तर अख्खी लाइन थांबते. तक्रार वर्षाअखेरच्या फॉर्मपर्यंत साठून राहत नाही. आपल्या ऑफिसात दोरी नसली तरी कुणाच्या शेजारी तासभर बसून त्याचं काम नुसतं बघता येतं. एकच माहिती तीन ठिकाणी भरावी लागते, ही गोष्ट कुणी फॉर्ममध्ये लिहीत नाही, कारण त्याला तिची सवय झालेली असते. शेजारी बसलेल्याला ती पाच मिनिटांत दिसते. फक्त तिथे चुका काढत बसू नका, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला सजवलेलं काम बघायला मिळेल.

सूचना पेटी जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या विल्यम डेनी यांच्या जहाजबांधणी कंपनीने १८८० मध्येच कामगारांच्या कल्पनांना बक्षिसं देणारी योजना सुरू केली होती, तर टोयोटाची सूचना योजना १९५१ पासूनची. पेटी चालते की नाही हे एका गोष्टीवर ठरतं: ती कोण उघडतो आणि कधी. नाव आणि वार पेटीवर लिहिलेला नसेल तर ती न लावलेली बरी.

आपल्या हाताखालच्या मॅनेजरच्या टीममधल्यांशी थेट बोलणं, म्हणजे स्किप-लेव्हल मीटिंग, उपयोगी असते. पण मधल्या माणसाला आधी सांगून करा, नाहीतर आपल्यावर पाळत ठेवली जातेय असं त्याला वाटेल. तिथे बसून निर्णय जाहीर करू नका.

राजीनामा दिलेल्याची मुलाखत जरूर घ्या, पण तिच्यावर फार विसंबू नका. जाणाऱ्याला अनुभवाचं पत्र हवं असतं, संबंध बिघडवायचे नसतात, त्यामुळे ‘चांगली संधी मिळाली’ एवढंच कानावर येतं. तेच प्रश्न नोटीस पिरियडमधल्या माणसाला विचारण्याऐवजी टिकून असलेल्याला विचारा: “इथे तुम्हाला कशामुळे थांबावंसं वाटतं? गेल्या काही महिन्यांत नोकरी बदलावी असं कधी वाटलं, आणि तेव्हा काय घडलं होतं?”

ऐकल्यानंतर

फीडबॅक गोळा झाला की दोन आठवड्यांच्या आत टीमला काहीतरी परत सांगा. सगळं सुटलेलं नसलं तरी चालेल. मी आता साधा मेसेज पाठवते: ‘तुम्ही अकरा मुद्दे मांडलेत. सोमवारची सकाळची मीटिंग या आठवड्यापासून बंद. नवीन लॅपटॉपचं या वर्षी होणार नाही, कारण बजेट संपलंय. पुढच्या वर्षीच्या मागणीत घातलंय. शिफ्टच्या अदलाबदलीबद्दल अजून ठरलं नाही, १५ तारखेला सांगते. बाकीचे मुद्दे खाली आहेत.’ कारणासकट आलेला नकार लोक पचवतात. शांतता पचवत नाहीत.

म्हणूनच जे बदलणं तुमच्या हातात नाही ते विचारू नका. पगारवाढ तुम्ही ठरवत नसाल तर पगारावर पाच प्रश्न घालून अपेक्षा वाढवू नका. आणि जितक्या वेगाने कृती करता येते त्यापेक्षा जास्त वेगाने विचारू नका. दर आठवड्याला छोटा सर्व्हे पाठवणाऱ्या टीमने दर आठवड्याला काहीतरी बदलूनही दाखवायला हवं.

तुम्ही हे नीट करायला लागलात की एक गोष्ट घडेल, तिची तयारी ठेवा: तक्रारी वाढतील. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम आणि औषधांच्या चुका यांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. पुढे उलगडा झाला तो असा की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुद्द्यांची यादी लांबत गेली तर वरिष्ठांना आधीच कल्पना देऊन ठेवा, नाहीतर ‘तुमची टीम फारच नाराज दिसते’ असा शेरा तुमच्याच अप्रेझलमध्ये येईल आणि तुम्हीही विचारणं सोडून द्याल.

टीम खूप दिवस गप्प असेल तर मोठ्या सर्व्हेने सुरुवात करू नका. पूर्वी कुणीतरी सांगितलेली आणि राहून गेलेली एक छोटी गोष्ट शोधा. खुर्ची, पासवर्ड, बदललेली वेळ, काहीही. ती या आठवड्यात करून टाका, ज्याने सांगितली होती त्याला जाऊन सांगा की उशीर झाला, आता केलंय. मग विचारा: “आणखी काय राहिलंय?”